जन्मजात तांबडे, पिंजारणारे केस आणि आपलं बोरचं पाणी : काय करता तुम्ही?

तापीकाठची

लेकीचे केस जन्मापासून तांबडे आहेत. रंगवलेले नाहीत की उन्हानं भुरे झालेले नाहीत. कोवळ्या मक्याच्या कणसाला जी शेंडी असते ना, तसा रंग. आता ती नववीत आहे. सासऱ्यांची एक आत्या अशीच होती म्हणतात, पण फोटो काळापांढरा, त्यामुळे खात्री करायची सोय नाही.

रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार आहे ती केसांच्या वागण्याची. कुरळे म्हणावेत तर धड वळत नाहीत, सरळ म्हणावेत तर कंगवा फिरवला की दुप्पट फुगतात. मे महिन्यात आमच्या चोपड्याकडच्या वाऱ्यात पार कडक होतात, वेणीतून तारा निघाव्या तसे बाहेर येतात. पावसाळा लागला की तेच केस चहूबाजूंनी उभे. पाणी बोरचं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीला पांढरी रेघ, नळाची जाळी दर थोड्या दिवसांनी टाचणीनं मोकळी करावी लागते.

आखाजीला माहेरी गेले तर सगळ्या मावश्या-काकूंचं एकमत : मेंदी लाव, तेल थाप, नाहीतर सरळ करून घे. त्यात शाळेतल्या नव्या बाईंनी डायरीत शेरा दिला, "केस रंगवून शाळेत येऊ नये." पोर रडली नाही, पण तेव्हापासून काळा रंग लावून दे म्हणून मागे लागलीय. तो मी देणार नाही. पण मग केसांचं करायचं काय? कुणाच्या घरात असे केस आहेत का? विकतच्या बाटल्यांची यादी नकोय, ती नेटवर पोत्यानं मिळते.

भुसावळ_जंक्शन

पारा ४५ च्या वर गेला की आमचे काळे, सरळ, सरकारी नोकरीतले केससुद्धा उभे राहतात. वाचतोय.

रावेरची_बागायतदारीण

केळ्याचा सल्ला कुणीतरी देणारच, म्हणून मीच आधी सांगते : देऊ नका. आमच्या घरी केळी खंडीनं, त्यामुळे प्रयोगाला तोटा नव्हता. केळं हातानं कुस्करून केसांना लावलं तर त्याचे बारीक तंतू आणि काळे ठिपके फणीनंही निघत नाहीत, वाळल्यावर तर केसाकेसाला चिकटून बसतात. मिक्सरमधून काढून, गाळून लावलं तर निघतं, पण तेवढ्या खटाटोपानंतर केस मऊ लागतात ते पुढच्या न्हाणीपर्यंतच. केळ्यातली साखर-पिष्ट केसांच्या आत कुठली जायची? वरून थोडी गुळगुळीत होते इतकंच. केळं खाल्लेलं बरं.

मावशीबाई

अवं माय, केसले तेल नही लावशी ते काय लावशी? आम्हना टाईमले काय जेल व्हतं?

शनिवारी रात्री वाटीभर तेल, रविवारी शिकेकाई, घट्ट दोन वेण्या वर बांधायच्या. सगळ्यांचे केस गुडघ्याला टेकायचे. हल्लीच्या पोरींना मोकळे सोडायचे असतात, मग पिंजारणार नाहीत तर काय!

कुरळी_आणि_कुरकुरी

मावशी, तुमच्या काळी आडाचं किंवा नदीचं पाणी होतं आणि स्कूटीवर बसून कुणी वारं खात नव्हतं. पण तेलाबद्दल तुम्ही निम्म्या बरोबर आहात. खोबरेल खरंच केसाच्या आत शिरतं. त्यातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ साखळीचं असतं, आणि धुण्याआधी खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिनं कमी वाहून जातात हे २००३ साली छापून आलेल्या भारतीय अभ्यासात दिसलंय. सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल त्यात मागे पडले. म्हणजे तेल न्हायच्या आधी, तासभर, बेतानं. न्हाल्यावर थापलेल्या तेलावर आपल्याकडची धूळ बसते, मग ती काढायला जोराचा शाम्पू, मग पुन्हा कोरडेपणा, की पुन्हा तेल.

पिपेट

धुळ्यात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या. ताई, तुमच्या पोस्टमधली खरी बातमी केसांच्या रंगात नाही, नळाच्या जाळीत आहे.

केसाचं बाहेरचं आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचं असतं, आणि त्याचा स्वभाव आम्लाकडे झुकलेला. कौलं नीट मिटलेली असली की केस चकाकतो, शेजारच्या केसावरून सरकतो. बोरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर चिकटून बसतात. त्यात साबण वापरला तर न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तोच तुमच्या बादलीची रेघ. शाम्पूनं साका होत नाही, पण क्षार बसायचे ते बसतातच. शिवाय अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९-१० च्या घरात, त्यानं कौलं आणखी उघडतात. अशा खरखरीत केसाला मे महिन्यातला कोरडा वारा आतून वाळवतो आणि जुलैतली दमट हवा आत शिरून फुगवते. पिंजारणं म्हणजे दुसरं काही नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा (म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्याकडे चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात तापीच्या गाळातल्या खोल कूपनलिका, आमच्याकडे काळा पाषाण. शेजारशेजारच्या दोन बोरचं पाणीही सारखं नसतं, तेव्हा अंदाज बांधू नका, तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. तेवढ्यात घरच्या घरी : दोन बाटल्यांत सारखं पाणी, एकीत आरओचं, एकीत बोरचं, दोन्हीत साबणाचा सारखा कीस, सारखं हलवा. बोरच्या बाटलीत फेस न होता दुधट गढूळ झालं तर उत्तर मिळालं.

आता तीन गोष्टी, ज्यांत लोकांचे पैसे जातात. शॉवरला लावायची छोटी फिल्टरं क्लोरीन कमी करतात, कठीणपणा काढत नाहीत. त्याला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, जो अधूनमधून मिठाच्या पाण्यानं पुन्हा ताजा करावा लागतो. पाणी उकळून कठीणपणाचा एकच भाग जातो, सगळा नाही. आणि आरओच्या बाजूच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी आपण बादलीत साठवतो, त्यानं डोकं धुवू नका! त्यात क्षार बोरपेक्षाही जास्त. फरशी पुसायला ठीक.

स्वस्तातला उपाय : न्हाऊन झालं की शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे, त्यात ढोकळ्याला घालतो ते सायट्रिक ॲसिड चिमूटभर. चिमूट म्हणजे चिमूटच. सामू मोजायची कागदी पट्टी मिळते, ती ४ ते ५ च्या मध्ये दाखवेल इतपत. लिंबू पिळलं तरी चालतं, पण गाळून. आणि लिंबू डोक्यावर ठेवून उन्हात जायचं नाही, कातडी भाजते.

रावेरची_बागायतदारीण

अगंबाई! आरओची बादली आमच्याकडे वर्षानुवर्षं न्हाणीघरातच ठेवलेली असते, "फिल्टरचं पाणी आहे" म्हणून.

पारोळ्याची_एडिंबरात

इथे लाल केसांची माणसं रस्तोरस्ती दिसतात, म्हणून थोडं लिहिते. जगात असे लोक साधारण १ ते २ टक्के, स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त. काळा-तपकिरी रंग देणारं मेलॅनिन वेगळं (युमेलॅनिन) आणि लाल-पिवळं वेगळं (फिओमेलॅनिन). सोळाव्या गुणसूत्रावर एमसी१आर नावाचं जनुक आहे. त्याचे ठरावीक बदललेले अवतार आई आणि वडील दोघांकडूनही आले की कारखाना लाल रंगाकडे वळतो. हे १९९५ मध्ये कळलं. म्हणून दोन्ही आईबाप काळ्या केसांचे असूनही मूल लाल केसांचं होऊ शकतं. आपल्याकडे हे फार विरळ. आपल्याकडचे बहुतेक "तांबडे" केस म्हणजे गडद रंगातच तांबूस छटा, आणि त्याची कारणं बरीच असू शकतात. तुझ्या लेकीचं नेमकं कोणतं, ते इथून कुणी सांगू नये, मी तर नाहीच.

इथल्या लाल केसवाल्या मैत्रिणींकडून शिकलेलं मात्र उपयोगी पडेल. त्यांचे केस संख्येनं कमी, पण एकेक केस जाड, त्यामुळे जरा कोरडा पडला की तो बाजूला ताठ उभा राहतो, मऊ केसासारखा दबत नाही. आणि लाल रंग उन्हानं फिका पडताना चटकन दिसतो. त्या उन्हाळ्यात टोपीशिवाय निघत नाहीत, आणि इथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडची संक्रांत. चोपड्यात तर डोकं झाकणं हाच निम्मा उपचार समज.

सातपुडा_पायवाट

धागा केसांच्या निगेचा आहे, पण एक बाजूची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी धडगाव भागात अंगणवाडीच्या कामात आहे. आमच्याकडे तांबडे केस हा शब्द वेगळ्या अर्थानं कानावर येतो.

लहान मुलाचे केस आधी काळे होते आणि आता तांबूस, विरळ, निस्तेज झाले, ओढले की सहज हातात येतात, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, मूल किरकिरं झालंय आणि खात नाही, तर ते शाम्पूचं काम नाही. प्रथिनांची आणि एकूणच अन्नाची कमतरता आहे. कधीकधी एकाच केसावर फिका-गडद-फिका असे पट्टे दिसतात. ज्या काळात पोटाला मिळालं नाही त्या काळातला केस फिका उगवतो. एका पोराचा जावळाचा झुपका हातात धरून बघितला होता, त्यावर आधीचा पावसाळा आणि त्यानंतरची कापणी सरळ वाचता येत होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की ते तीव्र कुपोषित. पायावर सूज असेल तर घेर कितीही भरो, तरीही तीव्रच. अंगणवाडीत पट्टी असते, मोजून घ्या, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. लोक "उन्हानं झाले असतील" म्हणून सोडून देतात.

ताईंच्या लेकीचे जन्मापासून आहेत, दाट आहेत, तब्येत उत्तम दिसते, म्हणजे तिला हे लागू नाही. पण इथे गुपचूप वाचणारे शंभर जण असतात.

तापीकाठची

लिहिलंत ते फार बरं केलंत. हो, ती दाट केसांची आणि दणकट आहे. शेवभाजी दोनदा घेते.

कात्री_फणी

माझं जळगावात पार्लर आहे, म्हणजे माझ्या पोटावर पाय देऊन लिहितेय असं समजा.

मेंदी नको. मेंदीतला रंग नारिंगी-लाल असतो, काळ्या केसावर तो कळत नाही, तांबड्या केसावर भडक नारिंगी बसतो आणि मग निघत नाही. "काळी मेंदी" तर नुसती मेंदी नसतेच, बहुतेकींत पीपीडी हे रसायन असतं. त्याची ॲलर्जी झालेले चेहरे मी पाहिलेत : कपाळ सुजून डोळे मिटलेले. नववीतल्या पोरीला तर नकोच.

स्ट्रेटनिंग, केराटिन, स्मूदनिंग, नाव काहीही द्या. काहींत फॉर्मल्डिहाइड सुटतो. काहींत त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर किडनीला इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदले गेलेत. शिवाय मुळातून केस वाढणार तो आपल्याच स्वभावाचा वाढणार. वर फुगलेला आणि खाली इस्त्री केलेला, असं ध्यान होतं. सहा महिन्यांनी त्याच बाया माझ्याकडे परत येतात, धंदा चालतो, पण पोरीच्या वयाला मी नाही म्हणते.

आणि हे केस पातळ करणाऱ्या कात्रीनं "हलके" करून घेऊ नका. पार्लरमध्ये हमखास सुचवतात. आखूड झालेले मधले केस वरच्या केसांना ढकलून उभे करतात, फुगवटा वाढतो. वजन राहू द्या. टोकं कापा, तेवढं पुरे.

कुरळी_आणि_कुरकुरी

+१. आता न्हाण्याची रीत सांगते. तापीताई, "धड वळत नाहीत" म्हणालात ना, माझा अंदाज आहे की केस लाटदार आहेत आणि कोरडे विंचरून त्यांची लाट मोडली जातेय.

कोरड्या केसात कंगवा घालायचाच नाही. शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर कानाच्या खाली, सढळ, आणि तो केसात असतानाच रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून वर गुंता सोडवत यायचं. कंडिशनर धुताना तो अगदी पार काढून टाकायचा नाही, हाताला थोडं बुळबुळीत लागलं तरी राहू दे. मग टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. जुन्या सुती साडीचा धुवून मऊ झालेला तुकडा घ्यायचा, डोकं खाली वाकवून केस त्यात गोळा करायचे आणि मुठीनं दाबायचे.

त्यानंतर जवसाची जेल. आपल्याकडे जवस चटणीला असतेच घरात. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली, पळीवरून लोंबायला लागलं की लगेच, गरम असतानाच मलमलीतून गाळायचं. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर फडकं, जवस आणि जेल यांची कुटुंबसंस्था तयार होते, कुणी कुणाला सोडत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, आंबूस वास आला की फेकायची. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगाळत वर न्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर पापुद्रा धरल्यासारखे कडक लागतात, घाबरू नका, हातानं चुरलं की मोकळे होतात.

विकतच्या जेल-क्रीममध्ये ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर मे महिन्यात नको. हवेत ओल नसली की ते केसातलीच ओल ओढतं. भर पावसाळ्यातही नको, तेव्हा हवेतली ओल ओढून केस फुगवतं. दिवाळी ते होळी खुशाल वापरा.

मावशीबाई

जवसनी चटणी करतस आम्ही, डोकामा घालतस नही.

(पण करून बघेन. सूनबाईचे असेच आहेत.)

तापीकाठची

सगळ्यांचे आभार, आता हालहवाल. पाणी तपासून आणलं. कठीणपणा चालवून घेण्याच्या मर्यादेच्याही वर निघाला. सॉफ्टनरचं गणित घरात सध्या बसत नाही, तेव्हा न्हाण्यासाठी एक बादली नळाच्या पाण्याची राखून ठेवतेय, नळ येतो त्या दिवशी भरून. शेवटचे तांबे आरओचे. सायट्रिक ॲसिडची चिमूट कागदी पट्टीवर मोजून घेतली. लेकीला तो प्रयोगच इतका आवडला की आता घरातल्या ताकाचा, कढीचा, सगळ्याचा सामू वहीत लिहून झालाय.

पहिला फरक दिसला तो हाताला. ओला केस दोन बोटांत धरून वरून खाली सरकवला की पूर्वी कच्च कच्च आवाज यायचा, त्याला मी स्वच्छ झाल्याची खूण समजत होते. तो आवाज आता येत नाही. लाटा खरंच निघाल्या, मागच्या बाजूला तर चांगले गोल वळसे. टाळूजवळचे आखूड केस अजून उभे राहतात.

क्षार काढणाऱ्या शाम्पूबद्दल कुणी सांगाल का? बाटलीवर मागे ईडीटीए लिहिलेलं असलं की झालं का?

पिपेट

नाही. ईडीटीए म्हणजे क्षार पकडून ठेवणारं रसायन, ते थोड्या प्रमाणात बहुतेक शाम्पूंत असतंच, माल टिकायला मदत म्हणून. पुढच्या बाजूला "चिलेटिंग" (क्षार पकडून काढणारा) किंवा "हार्ड वॉटर"साठी असं स्पष्ट म्हटलेलं असावं. आणि तो अधूनमधून, केस पुन्हा जड-खरखरीत लागले की. दर वेळी वापरला तर केस कोरडे पडतात. त्यानंतर कंडिशनर चुकवायचा नाही.

कात्री_फणी

टाळूजवळचे उभे राहणारे ते तुटलेले किंवा नवे उगवणारे. घट्ट वेण्यांनी कानशिलाजवळ फार तुटतात. मावशी रागावतील, पण वेणी सैल घाला, रबर कापडी असू द्या. उशीला सॅटिनचा अभ्रा. विकत आणू नका, जुन्या सॅटिनच्या परकराचा होतो. आणि स्कूटीवर आपल्या पोरी तो स्टोल डाकू बांधतात तसा बांधतात ना, त्याच्या आतून कपाळापासून मागेपर्यंत तोच सॅटिनचा तुकडा टाचून द्या. सुती स्टोल वाऱ्यात केसांवर घासत राहतो. ऊनही अडतं, घासणंही थांबतं.

पारोळ्याची_एडिंबरात

शाळेचं काय झालं?

तापीकाठची

लहानपणीचे फोटो घेऊन गेले. जावळ काढायच्या आधीचा, बालवाडीतला, चौथीच्या स्नेहसंमेलनातला. मुख्याध्यापकांनी बघितले, "ठीक आहे" म्हणाले, शेरा मात्र खोडला नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडूनही "केसांचा रंग नैसर्गिक" अशा दोन ओळी लिहून घेतल्या आणि कार्यालयात देऊन पोच घेतली. दहावीला पुन्हा नव्या बाई येतील, तेव्हा कागद हाताशी असलेला बरा. डॉक्टरांनी तब्येत, नखं, डोळे पाहून बाकी काही चिंता नाही म्हटलं, एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तेवढं बघून घ्या म्हणाले.

काळा रंग लावून दे हे तिचं मागणं अजून पूर्ण मिटलेलं नाही. मीही वाद घालत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर तुझं तू ठरव म्हटलंय.

रावेरची_बागायतदारीण

एक शंका. मृगाचा पाऊस लागला की स्लॅबवरचं पाणी ड्रममध्ये धरलं तर? ते तर बिनक्षाराचं ना?

पिपेट

हो, पावसाचं पाणी मऊच. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या, स्लॅबवरची धूळ, पक्ष्यांची घाण सगळी त्यात येते. ड्रमला फडकं घट्ट बांधा, डासांनी अंडी घातली तर केस मऊ होतील आणि घरात डेंग्यू येईल. आणि त्या पाण्याला शाम्पू निम्माच घ्या, फेस इतका होतो की धुता धुता ड्रम संपेल.

भुसावळ_जंक्शन

ड्रम आणलाय. पाऊस कुणी आणतंय का?